रेषीय अल्ट्रासॉनिक मोटारींच्या कामात उतरताना

पीझोइलेक्ट्रिक मोटारींच्या कामात येऊ पाहणारे विद्यार्थी भेटले की त्यांचा पहिला प्रश्न बहुधा सिम्युलेशनच्या सॉफ्टवेअरचा असतो: कॉमसॉल शिकावे की अन्सिस? प्रश्न गैर नाही. या विषयावरचे जे शोधनिबंध सहज हाती लागतात त्यांची पहिली पानेच कंपनांच्या रंगीत आकृत्यांनी भरलेली असतात, आणि सिरॅमिकच्या पट्टीचा अनुनाद, म्हणजे ती सर्वांत जोरात कंपते ती वारंवारिता, कुठे येईल हे आता पदवीच्या शेवटच्या वर्षाचा विद्यार्थीही काढून दाखवू शकतो. सूक्ष्मदर्शकांच्या आणि मापनयंत्रांच्या स्टेजमध्ये, म्हणजे नमुना सरकवणाऱ्या मंचात, या मोटारी बसवणे, त्यांना वीज पुरवणारे ड्रायव्हर जुळवणे आणि बिघडलेल्या मोटारी उघडून पाहणे या कामात मी बरीच वर्षे आहे. माझा अनुभव असा, की अनुनादापर्यंत बहुतेक जण पोहोचतात आणि सिरॅमिकचे टोक समोरच्या, स्टेजवर बसवलेल्या पट्टीला जिथे टेकते तिथे येऊन अडतात. म्हणून या लेखात त्या स्पर्शाच्या जागेला मी मुद्दाम झुकते माप देणार आहे.

आधी मूळ कल्पना. पीझो सिरॅमिकला विद्युतदाब दिला की त्याची लांबी-जाडी किंचित बदलते. ही किंचित म्हणजे किती, हे प्रत्येकाने एकदा कागदावर काढावे. पीझेडटी या नेहमीच्या सिरॅमिकचा गुणांक प्रकारानुसार व्होल्टमागे साधारण २०० ते ६०० पिकोमीटर असतो, म्हणजे १०० व्होल्ट दिले तरी एका चकतीची जाडी फार तर २० ते ६० नॅनोमीटरने बदलते. एवढ्याशा हालचालीतून स्टेजला १०० मिलिमीटर न्यायचे तर ती हालचाल पुन्हा पुन्हा करून साठवत जाण्यावाचून इलाज नाही. काही मोटारींमध्ये सिरॅमिकचे पाय आळीपाळीने उचलून चालवले जातात, काहींत भाग हळू पुढे नेऊन झटक्याने मागे घेतला जातो, आणि अल्ट्रासॉनिक मोटारीत सिरॅमिकला त्याच्या अनुनादावर, म्हणजे २० किलोहर्ट्झच्या वर आणि म्हणून कानाला ऐकू न येईल अशा वारंवारितेवर, कंपित केले जाते. या तीन जातींची गल्लत नवख्यांकडून हमखास होते, कारण विक्रेते तिन्हींना सरसकट पीझो मोटार म्हणतात. त्यांचे ड्रायव्हर, वेग, आवाज आणि झीज मात्र वेगवेगळी असतात, त्यामुळे माहितीपत्रक वाचताना मोटार कोणत्या तत्त्वावर चालते ते सर्वांत आधी शोधावे.

इतिहासात फार वेळ घालवण्याची गरज नाही, पण चार टप्पे माहीत असावेत. जाक आणि पिएर क्युरी या भावांनी पीझोइलेक्ट्रिक परिणाम, म्हणजे स्फटिक दाबल्यावर विद्युतभार निर्माण होणे, १८८० मध्ये दाखवला; त्याच्या उलट परिणामाचे, म्हणजे ज्यावर या मोटारी चालतात त्याचे, भाकीत लिपमान यांनी पुढच्याच वर्षी केले. अल्ट्रासॉनिक मोटारीची सुरुवातीची रूपे १९६०च्या दशकात कीव्हमध्ये लाव्रिनेन्को यांनी तयार केली, तर जपानमध्ये साशिदा यांनी १९८०च्या दशकाच्या आरंभी ती व्यवहारात आणली. कॅननने १९८७ मध्ये कॅमेऱ्याच्या भिंगात अशी मोटार बसवल्यावर ती घरोघरी गेली. भिंगातली ती मोटार गोल फिरणारी, कड्यातून धावणाऱ्या लाटेवर चालणारी होती. सरळ रेषेत ढकलणाऱ्या मोटारींची रचना बरीचशी वेगळी आहे, आणि तिचे सर्वांत शिकण्याजोगे उदाहरण म्हणजे आयताकृती पट्टी.

ही पट्टी समजा ३० मिलिमीटर लांब आहे. पीझेडटीमध्ये लांबीच्या दिशेने ध्वनी सेकंदाला सुमारे ३००० मीटर वेगाने जातो. हा वेग लांबीच्या दुपटीने भागला की पट्टीच्या लांबण्या-आखडण्याचा पहिला अनुनाद सुमारे ५० किलोहर्ट्झवर येतो. त्याच पट्टीला तिच्याच प्रतलात नागमोडी वाकण्याचाही अनुनाद असतो. दुसऱ्या क्रमांकाचे हे वाकणे आणि पहिल्या क्रमांकाचे लांबणे एकाच वारंवारितेवर आणता आले, तर पट्टीचे टोक एकाच वेळी पुढे-मागे आणि डावी-उजवीकडे हलते आणि एक चिमुकले लंबवर्तुळ काढते. लांबण्यामुळे टोक समोरच्या पट्टीवर दाबले जाते व सुटते, वाकण्यामुळे ते तिला बाजूला ढकलते. दोन्ही वारंवारिता जुळवण्याचा खटका रुंदीत असतो, कारण लांबण्याच्या वारंवारितेला रुंदीचे फारसे पडलेले नसते आणि वाकण्याच्या वारंवारितेला ते फार असते. पाठ्यपुस्तकातले सडपातळ तुळईचे सूत्र लावले तर रुंदी लांबीच्या सुमारे ०.१८ पट हवी असे उत्तर येते. प्रत्यक्षातल्या पट्ट्या पाव पटीच्या आसपास असतात. हा फरक का पडतो हे ज्याला सांगता येते त्याला विषय कळला असे मी समजतो. एवढी आखूड आणि रुंद पट्टी सडपातळ तुळईसारखी वागत नाही, तिच्यातले कर्तन (थरांचे एकमेकांवरून सरकणे) आणि छेदांचे घूर्णन वाकण्याची वारंवारिता खाली ओढतात, आणि ती पुन्हा वर आणायला रुंदी वाढवावी लागते.

पट्टीच्या एका मोठ्या पृष्ठावर चार इलेक्ट्रोड असतात आणि ते कर्णाने जोडलेले असतात. एका कर्णाला विद्युतदाब दिला की मोटार एका दिशेने जाते, दुसऱ्या कर्णाला दिला की उलट. पट्टी धरायची कुठे, हाही असाच गमतीचा प्रश्न आहे. लांबण्यात मधला भाग स्थिर राहतो. दुसऱ्या वाकण्यात लांबीच्या ०.१३२, ०.५ आणि ०.८६८ या तीन जागा स्थिर राहतात. दोन्हींना सामाईक अशी जागा एकच, ती म्हणजे मध्य. प्रयोगशाळेत हे दाखवण्यासाठी मी मुलांना लाकडी टूथपिक देतो. पट्टी इम्पिडन्स अ‍ॅनालायझरला, म्हणजे वारंवारितेनुसार विद्युत अडथळा मोजणाऱ्या यंत्राला, जोडायची, पडद्यावर अनुनादाचा शेंडा उभा करायचा, आणि टूथपिकचे टोक पट्टीच्या कडेवर हलकेच टेकवत सरकवायचे. मध्यावर टेकवले तर शेंडा जागचा हलत नाही, टोकाकडे जाऊ लागले की तो डोळ्यांदेखत बसत जातो. साधन फुकटचे आहे आणि सॉफ्टवेअरच्या रंगीत चित्रापेक्षा यातून अधिक कळते, कारण पट्टी चुकीच्या जागी धरल्यास काय किंमत मोजावी लागेल ते आकड्यात दिसते.

आता स्पर्शाकडे वळू. टोकाच्या लंबवर्तुळाचा अर्धव्यास अर्धा मायक्रॉन आणि वारंवारिता ५० किलोहर्ट्झ धरली, तर टोकाचा कमाल वेग सेकंदाला सुमारे १५७ मिलिमीटर येतो. हा सगळा वेग समोरच्या पट्टीकडे घर्षणातूनच पोहोचतो. टोक बहुधा अ‍ॅल्युमिनासारख्या कठीण सिरॅमिकचे असते, समोरची पट्टीही तशीच, आणि एक स्प्रिंग टोकाला पट्टीवर दाबून धरते. स्प्रिंगचा दाब २० न्यूटन आणि घर्षणांक ०.२५ असेल, तर मोटार ५ न्यूटनपेक्षा अधिक जोर लावूच शकत नाही, मग तिला विद्युतदाब कितीही द्या. दाब वाढवला तर जोर वाढतो, पण कंपन दबते, वेग उतरतो आणि झीज वाढते. दाब कमी केला तर टोक पट्टीवर उड्या मारू लागते. योग्य दाब या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी असतो, आणि तो शोधण्यासाठी प्रत्येक दाबाला वेग व जोर यांचा आलेख काढण्याखेरीज मला तरी दुसरा भरवशाचा मार्ग सापडलेला नाही.

स्प्रिंगची दिशाही महत्त्वाची असते. दाबाच्या दिशेने ती मऊ हवी, म्हणजे समोरची पट्टी काही मायक्रॉन वाकडी असली तरी दाब फारसा बदलत नाही. आणि ढकलण्याच्या दिशेने मोटारीचे घर शक्य तितके ताठ हवे, नाहीतर टोक ढकलते तेव्हा मोटारच मागे सरते आणि नॅनोमीटरचे गणित तिथेच संपते. ज्यांची पार्श्वभूमी केवळ इलेक्ट्रॉनिक्सची आहे त्यांनी या एका मुद्द्यासाठी यांत्रिक रचनेचे पुस्तक उघडावे, असे मी आग्रहाने सांगतो. पातळ पोलादी पात्यांची समांतर जोडी वापरून हे दोन्ही गुण एकत्र साधता येतात.

नवी मोटार पहिल्या दिवशी जे आकडे देते त्यांवर विश्वास ठेवू नये. नवा पाटा वापरण्यापूर्वी त्यावर मूठभर तांदूळ वाटून टाकून देतात, तसे टोकालाही पट्टीवर आधी चालवून बसवून घ्यावे लागते. स्पर्शाचे क्षेत्र वाढते, उंचवटे झिजतात, आणि मग कुठे वेग स्थिरावतो. या सुरुवातीच्या चालण्यात पट्टीवर एक करडी रेघ उमटते आणि तिच्या कडेला बारीक भुकटी जमते. ती भुकटी आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसावी आणि रेघ भिंगाखाली पाहावी. रेघ एकसारख्या रुंदीची असेल तर टोक नीट टेकते आहे. ती एका बाजूला दाट असेल तर मोटार तिरकी बसली आहे, आणि मध्येच तुटलेली असेल तर पट्टीच्या सपाटपणात खोट आहे. बिघडलेली मोटार हाती आली की मी अजूनही मीटरच्या आधी भिंग उचलतो.

आवाजाचेही तसेच आहे. ही मोटार ऐकू येता कामा नये. ती चिरकत असेल तर टोक प्रत्येक फेऱ्याला टेकत नसून दोन-तीन फेऱ्यांआड टेकत असते, किंवा घरातला एखादा भाग सोबत थरथरत असतो. दोन्ही बाबतींत झीज वेगाने होते. वर्कशॉपमध्ये काम केलेल्या माणसाचा हात चिरक्या आवाजावर आपसूक तेलाच्या डब्याकडे जातो, आणि इथे तेल म्हणजे मोटारीचा शेवट. घर्षणावर चालणाऱ्या यंत्राला वंगण चालत नाही, बोटाचा घामट ठसासुद्धा चालत नाही, आणि स्टेजच्या बेअरिंगचे ग्रीस ओघळून पट्टीवर येणार नाही याची काळजी आराखड्यातच घ्यावी लागते. दमट हवेतही वर्तन बदलते. अशा हवेत बरेच दिवस एकाच जागी उभी राहिलेली मोटार सुरू होताना अडखळते, त्यामुळे कोकणपट्टीत किंवा मुंबईत बसवलेल्या यंत्राला रोज सकाळी पूर्ण प्रवासाच्या दोन-चार फेऱ्या मारायला लावणे शहाणपणाचे ठरते.

ड्रायव्हरबद्दल थोडक्यात. विद्युतदृष्ट्या ही मोटार मुख्यतः कपॅसिटर असते. ५ नॅनोफॅरडची पट्टी ५० किलोहर्ट्झवर सुमारे ६४० ओहमचा अडथळा दाखवते, म्हणजे १०० व्होल्टला दीडशे मिलिअँपियरहून थोडा अधिक प्रवाह लागतो आणि त्यातला बराचसा केवळ ये-जा करतो. सुमारे २ मिलिहेन्रीची कॉइल जोडली की ती या कपॅसिटरशी जुळते आणि चौकोनी लाटेतून जवळपास साइन लाट मिळते. फेराइटचे कोर आणि तार आणून ही कॉइल स्वतः गुंडाळावी. मुंबईत लॅमिंग्टन रोड आणि पुण्यात पासोड्या विठोबाचा परिसर यासाठी अजूनही पुरेसे आहेत. अधिक त्रास अनुनाद सरकण्याचा होतो. मोटार तापली की वारंवारिता खाली जाते, आणि मोठ्या कंपनाला अनुनादाचा शेंडा डावीकडे झुकतो, त्यामुळे वारंवारिता खालून वर नेली तर कंपन अचानक उडी मारते. म्हणून वरच्या बाजूने, म्हणजे अनुनादाहून जास्त वारंवारितेवरून खाली येत काम करण्याचा प्रघात आहे. शंभर-दोनशे व्होल्ट या वारंवारितेवर बोट भाजतात, हे वेगळे सांगायला नको. सोल्डरिंग करताना मात्र दोन गोष्टी पाळाव्यात. पट्टीच्या तारा एकमेकींना जोडून ठेवाव्यात, कारण नुसत्या तापण्यानेही तिच्यावर धोक्याचा विद्युतदाब साठू शकतो. आणि सोल्डरिंग आयर्न फार वेळ टेकवू नये, कारण क्युरी तापमानाच्या जवळ गेलेली पट्टी आपले ध्रुवीकरण, आणि त्याबरोबर पीझो गुणच, गमावते.

नियंत्रणात येणाऱ्याला पहिला धक्का मृतपट्ट्याचा बसतो. विद्युतदाब एका पातळीखाली असेल तर टोक कंपित होते पण स्टेज हलत नाही, आणि पातळी ओलांडताच ती एकदम सुटते. ही पातळीही जागेनुसार, दिशेनुसार आणि हवामानानुसार बदलत राहते. चुकीच्या प्रमाणात दुरुस्ती करणारा साधा पीआयडी नियंत्रक लावला तर लक्ष्याजवळ स्टेज मागे-पुढे घुटमळते. उपाय दोन आहेत: मृतपट्ट्याएवढा विद्युतदाब आज्ञेत आधीच मिसळणे, आणि शेवटच्या काहीशे नॅनोमीटरसाठी कंपन थांबवून त्याच सिरॅमिकला स्थिर विद्युतदाबाने वाकवणे. लक्ष्य गाठल्यावर वीज पूर्ण तोडता येते आणि घर्षण स्टेजला जागेवर धरून ठेवते. या मोटारीचे खरे बलस्थान माझ्या मते हेच आहे. धरून ठेवताना उष्णता नाही आणि सर्व्होची, म्हणजे सतत जागा दुरुस्त करणाऱ्या नियंत्रणाची, थरथर नाही, शिवाय चुंबक नसल्यामुळे ती एमआरआय यंत्राजवळही चालते आणि योग्य साहित्य वापरल्यास निर्वातातही. उलट दिवसरात्र अखंड धावणाऱ्या, जड भार ओढणाऱ्या यंत्रात ती घालू नये. तिथे बॉल स्क्रू किंवा चुंबकीय रेषीय मोटार स्वस्त पडते आणि टिकते.

अचूकतेबद्दल माहितीपत्रकांतली भाषा सावधपणे वाचावी. स्टेजची जागा मोजणारा एन्कोडर १ नॅनोमीटरचे आकडे दाखवतो याचा अर्थ स्टेज १ नॅनोमीटरने अचूक आहे असा होत नाही, आणि पुन्हा पुन्हा त्याच जागी येणे व योग्य जागी येणे या दोन गोष्टी निराळ्या आहेत. एन्कोडरची पट्टी नमुन्यापासून २० मिलिमीटर खाली असेल आणि स्टेज प्रवासात १० आर्कसेकंदांनी (आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) कलत असेल, तर नमुना जवळपास १ मायक्रॉनने चुकतो आणि एन्कोडरला त्याचा पत्ताही नसतो. अ‍ॅबे यांनी १८९० मध्ये सांगितलेले हे तत्त्व आजही अर्ध्याअधिक तक्रारींच्या मुळाशी सापडते. १०० मिलिमीटर अ‍ॅल्युमिनियम एका अंशाने तापले तर २.३ मायक्रॉनने वाढते, हेही त्याच हिशेबात धरावे. मोटारीवर आलेला आरोप बहुतेक वेळा बेअरिंगवर किंवा वातानुकूलन यंत्राच्या झोतावर जाऊन थांबतो.

शिक्षण आणि नोकरी यांबद्दल स्पष्ट सांगायचे तर भारतात अशा मोटारी घडवण्याच्या जागा मोजक्या आहेत, त्या वापरून यंत्रे बांधण्याच्या जागा बऱ्याच अधिक. पुण्यात सिरॅमिकच्या बाजूची परंपरा आहे. आर्मामेंट रिसर्च अँड डेव्हलपमेंट एस्टॅब्लिशमेंट या संरक्षण संशोधनाच्या संस्थेत पीझेडटीवर काम होत आले आहे, सी-मेट ही इलेक्ट्रॉनिक साहित्याची संस्था पाषाणला आहे, आणि भोसरीत पीझो सिरॅमिक बनवणारा उद्योग आहे. साहित्यशास्त्राकडे ओढा असेल तर इथून सुरुवात करता येते. यंत्ररचनेकडे ओढा असेल तर मापनयंत्रे, लेझर प्रक्रिया आणि प्रकाशीय उपकरणे बनवणाऱ्या कंपन्यांकडे पाहावे, आणि नोकरीच्या जाहिरातीत पीझो हा शब्द नसला तरी अर्ज करावा, कारण असे काम बहुधा प्रिसिजन मोशन किंवा मेकॅट्रॉनिक्स या नावाखाली निघते. परदेशात कार्ल्सरूहची फिजिक इन्स्ट्रुमेंटे आणि इस्रायलमधल्या योकनेमची नॅनोमोशन या मोटार घडवणाऱ्या कंपन्या सर्वांना ठाऊक आहेत. संशोधनासाठी हॅनोव्हर, नानजिंग, टोकियो आणि पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठ इथे या विषयाचे जुने गट आहेत किंवा होते, आणि अर्ज करण्याआधी तिथले कोण निवृत्त झाले व आता तिथे कोणते काम चालते हे अलीकडच्या शोधनिबंधांवरून तपासून घ्यावे.

प्रकल्पासाठी लगेच मोटार विकत घेऊ नये. अल्ट्रासॉनिक सफाई यंत्रात बसवतात तो ४० किलोहर्ट्झचा ट्रान्सड्युसर बाजारात स्वस्तात मिळतो. त्याचा इम्पिडन्स वारंवारितेनुसार मोजावा. अ‍ॅनालायझर नसेल तर फंक्शन जनरेटर, एक रोधक आणि ऑसिलोस्कोप यांवर भागते. मग तो हातात घट्ट धरून, पाण्यात टेकवून, वजनाखाली दाबून पुन्हा पुन्हा मोजावा, आणि प्रत्येक आलेखाखाली शेंडा का सरकला व का बसला हे दोन ओळींत लिहावे. आमच्याकडे मुलाखतीला येणाऱ्यांपैकी ज्यांच्या वहीत असे स्वतः काढलेले आलेख असतात त्यांच्याशी बोलणे लांबते, आणि ते बहुधा सिम्युलेशनच्या अहवालाकडे वळतच नाही.